सव्वासहाशेपैकी

समिधा हलगेकर विचारते, सर, किती चान्स?
खानापुरात लाईट गेलेली, इन्व्हर्टर कुईकुई करतोय,
आणि टेबलावर अकरा कॉलेजांची यादी,
ज्यांच्या गावांची नावं मला धड उच्चारता येत नाहीत.

एकतीस वर्षं गणित शिकवलं.
पिशवीतले लाल-निळे चेंडू, पत्त्यांचा कॅट, दोन फासे.
संभाव्यता म्हणजे अनुकूल भागिले एकूण.
इथे एकूण छापलंय: नऊ हजार अर्ज.
अनुकूल म्हणजे काय, ते कुठेच छापलेलं नाही.

मागच्या पाच वर्षांत तुमच्या शाळेतून
किती विद्यार्थी परदेशी गेले?
शून्य.
एक दुबईला गेला, एसी दुरुस्तीला. तो धरत नाहीत.

फॉर्मला शंभर कळतात, सव्वासहाशे कळत नाहीत.
मग तळटीप लिहितो:
आमच्याकडे दहावीला पहिली भाषा सव्वाशेची,
बाकी विषय शंभर-शंभरचे.
पहिली भाषा मराठी, एकशे बावीस.
कन्नडात पैकीच्या पैकी.
घरी कोणती भाषा बोलता?
आई बैलहोंगलची. भांडणाला कन्नड, हिशेबाला मराठी.
एकच निवडा, म्हणतो फॉर्म.
हे 'एकच निवडा' आम्हाला नवीन नाही,
पण ते सांगायला इथे तीनच ओळींची जागा आहे.

तिचा बाप परशराम कौलांच्या भट्टीवर असतो.
लिबरल आर्ट म्हणजे चित्रकला काय हो, सर?
नाही. इतिहास, तारे, नाटक, जीवशास्त्र, सगळं थोडं थोडं,
काय व्हायचं ते दोन वर्षांनी ठरवायचं.
तो बराच वेळ गप्प.
म्हणजे आधी भट्टी लावायची
आणि मग बघायचं, कौल की कुंडी?

निबंध साडेसहाशे शब्दांचा.
तिनं कौलं वाजवण्यावर लिहिलाय.
आठ वर्षांची असताना बापानं शिकवलं,
बोटाच्या पेरानं टिचकी मारायची आणि ऐकायचं.
चीर डोळ्यांना दिसत नाही,
कौल मात्र बद्द बोलतं.
मी म्हटलं, थोडा संघर्ष घाल, त्यांना आवडतो म्हणतात.
काय घालू सर? आमचं बरं चाललंय की.

वर्षाचे सत्तर लाख.
पालक किती देऊ शकतात?
परशराम म्हणाला, विमानाचं एकीकडचं.
पूर्ण मदत मागितली की पाच टक्क्यांचा एक होतो,
हे मी तिला सांगितलं, त्याला नाही.

अकरा कॉलेजं, प्रत्येकी एक टक्का.
घटना स्वतंत्र असत्या तर दहाच्या थोडं वर.
पण त्या स्वतंत्र नसतात. स्थळांसारखं असतं,
एकानं नाक मुरडलं की पुढचाही मुरडतो.
म्हणून म्हणालो, शंभरात चार.
कदाचित तीन.
तिनं ते वहीत लिहिलं, खाली रेघ मारली,
आणि धारवाडच्या कॉलेजचा फॉर्म पुढे सरकवला.
त्यावरही माझी सही हवी होती.

सातची नंदगड गाडी गेली. ती बसून आहे.
तिथली मध्यरात्र म्हणजे उद्या इथले साडेदहा,
आणि माझा एक रकाना राहिलाय:
या विद्यार्थिनीबद्दल मनात येणारा पहिला शब्द.

पहिला आला तो खणखणीत.

डिक्शनरी काढली. दिलाय तो नाण्यांचा आवाज,
पुढे मोठ्यानं, पुढे स्पष्ट.
एक लिहिला, खोडला. दुसरा लिहिला,
तो तर वर्गातल्या कुठल्याही पोराला चालेल.
काय शोधूलालाय सर, ती विचारते, मी बघू काय?
तू नाही बघायचं, म्हणतो, हे गोपनीय असतं,
आणि कागदावर तळहात ठेवतो.
ती नुसतंच टेबल वाजवत बसते, बोटाच्या पेरानं,
इन्व्हर्टरची बॅटरी उतरत चाललेली.